प्लग पांढरा पडलाय, थंड घालू का? जुन्या मोटरसायकलचा स्पार्क प्लग निवडताना

पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळायला लागल्यापासून येझदी, राजदूत, बुलेट बाळगणाऱ्यांमध्ये एक प्रश्न सारखा फिरतोय. प्लग काढला तर टोक पांढरंफटक. पूर्वी कसं छान बिस्किटाच्या रंगाचं असायचं. कुणी म्हणतं गाडी गरम चालतेय, थंड प्लग घाला. कुणी म्हणतं इरिडियम धातूच्या टोकाचा प्लग घाला, विषयच संपेल. दुकानात जावं तर काउंटरवरचा माणूस तीन डबे पुढे सरकवतो, तिन्हींवर वेगवेगळे आकडे, आणि म्हणतो, "कुठलाही न्या, सगळे बसतात."

बसतात हे खरंच आहे. घोळ तिथूनच सुरू होतो. १४ मिमी आट्यांच्या भोकात १४ मिमीचा कुठलाही प्लग फिरत फिरत आत जातो, गाडी सुरूही होते. तो चुकीचा होता हे कळायला कधी दोन किक पुरतात, कधी खंबाटकी चढेपर्यंत थांबावं लागतं.

## प्लगची दोन कामं

पहिलं काम सगळ्यांना माहीत असतं: ठिणगी पाडणं. बॅटरीचा ६ व्होल्टचा करंट कॉईल हजारो व्होल्टवर चढवते, आणि तो प्लगच्या मधल्या टोकावरून बाजूच्या वाकड्या पत्तीवर उडी मारतो. या दोघांमधली फट म्हणजे गॅप. ही उडी मोकळ्या हवेत सोपी असते. सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलेलं असतं, तिथे तेवढीच उडी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मारावी लागते. म्हणून प्लग काढला, हेडला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाला, टेकवला, किक मारली आणि ठिणगी दिसली, एवढ्यावरून प्लग आणि कॉईल दोन्ही ठणठणीत आहेत असं ठरत नाही. जुना प्लग घेऊन त्याची बाजूची पत्ती कापून टाका, बॉडी हेडला नीट टेकवा आणि किक मारा. मोकळ्या हवेत साधारण ६ मिमीची निळसर, चटकन आवाज करणारी ठिणगी पडली तर कॉईल-कंडेन्सरमध्ये दम आहे. पिवळी, बारीक, कधी पडते कधी नाही अशी असेल तर नवीन प्लगवर खर्च करण्याआधी पॉइंट, म्हणजे ठिणगीच्या क्षणी कॉईलचा करंट तोडणारा स्विच, आणि त्याला जोडलेला कंडेन्सर बघा. (ही चाचणी करताना कार्ब्युरेटर गळत नाही ना, आसपास पेट्रोलची चिंधी पडलेली नाही ना, हे पाहून घ्या.)

दुसरं काम कमी लोकांना माहीत असतं, आणि निवडीचा सगळा पेच त्यातच आहे. स्फोटाची जी उष्णता प्लगच्या टोकाला लागते ती प्लगने मागे हेडमध्ये सोडायची असते. टोकाचं तापमान साधारण ५०० अंश सेल्सियसच्या वर राहिलं तर त्यावर बसलेला कार्बन आपोआप जळून जातो. त्याखाली राहिलं तर काजळी साचते, करंट गॅपवरून उडी मारण्याऐवजी काजळीवरून घसरत बॉडीत जातो आणि गाडी मिसिंग करते, म्हणजे मधले स्फोट चुकतात. उलट टोक ८५०-९०० च्या पुढे गेलं तर ते निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटवून देतं. पिस्टन अजून वर येत असतो आणि स्फोट त्याला खाली ढकलत असतो. पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं ते असं.

## गरम प्लग, थंड प्लग म्हणजे नेमकं काय

प्लग स्वतः उष्णता तयार करत नाही. गरम प्लगची ठिणगी जास्त कडक असते हा गैरसमज आधी काढून टाका. ठिणगी दोघांची सारखीच.

एक लोखंडी सळई घ्या, एक टोक चुलीत आणि मागे ओल्या फडक्यात धरलेली. फडकं चुलीजवळ असेल तर टोक फार तापत नाही, उष्णता लगेच फडक्यात जाते. फडकं लांब असेल तर टोक लाल होतं. प्लगच्या आतलं पांढरं चिनी मातीचं नाक म्हणजे ही सळई, आणि ते बॉडीला जिथे टेकतं ती जागा म्हणजे फडकं. नाक लांब असेल तर उष्णतेला परतायला वेळ लागतो, टोक तापलेलं राहतं: हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते: हा थंड प्लग. या गरम-थंडाच्या क्रमाला हीट रेंज म्हणतात. दोन प्लग शेजारी धरून आत डोकावलं तर फरक डोळ्यांना दिसतो. गरम प्लगमध्ये नाकाभोवतीची पोकळी खोल जाते, थंडात उथळ असते.

एका पायरीचा फरक म्हणजे टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंश. दोन पायऱ्या चुकल्या तर काय होईल याचा अंदाज त्यावरून करा.

यातली बरीचशी उष्णता प्लगचा वॉशर आणि आटे यांच्यातून हेडमध्ये जाते. म्हणजे वॉशर हरवलेला, दोनदा चेपलेला किंवा प्लग सैल असेल तर गाडीच्या पुस्तकातला बरोबर प्लगसुद्धा गरम प्लगसारखा वागतो. थंड प्लगच्या शोधात निघण्याआधी तो वॉशर बघा.

## सगळ्यात आधी आटे आणि त्यांची लांबी

भारतातल्या बहुतेक जुन्या गाड्यांना १४ मिमी आट्यांचा प्लग लागतो. युद्धपूर्व काळातल्या काही गाड्यांना १८ मिमीचा लागतो, तो नुसत्या डोळ्यांनीही जाडजूड दिसतो. तिथे चूक होत नाही. चूक होते ती लांबीत.

आट्यांची लांबी, म्हणजे रीच, मोजायची ती वॉशर बसतो त्या पृष्ठभागापासून आटे संपतात तिथपर्यंत. पुढे आलेलं टोक त्यात धरायचं नाही. १४ मिमी प्लगमध्ये दोन लांबी सर्रास मिळतात: १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच, आणि १९ मिमी, म्हणजे पाऊण इंच. काही फार जुन्या इंजिनांना ९.५ मिमीचाही लागतो.

अर्ध्या इंचाच्या हेडमध्ये पाऊण इंची प्लग लावला तर ६.३ मिमी आटे ज्वलनकक्षात लोंबकळत राहतात. पहिल्याच किकला पिस्टन त्यावर आदळला तर एक प्रकारे सुटलात, कारण लगेच कळतं. नाही आदळला तर ते उघडे आटे तापून लाल होतात, शिवाय त्यांच्यावर कार्बन चढतो. पुढे प्लग काढताना तो कार्बन हेडच्या अॅल्युमिनियमचे आटे ओरबाडत बाहेर येतो. उलट केलं, पाऊण इंची हेडमध्ये अर्धा इंची प्लग लावला, तर ठिणगी एका बोळात पडते, पेटायला वेळ लागतो, गाडी दम खाते. आणि हेडचे मोकळे राहिलेले आटे काजळीने बुजतात. नंतर योग्य प्लग लावायला गेलं की तो मध्येच अडतो, मग पान्याने जोर लावला जातो आणि आटे जातात.

जुन्या गाडीत आत्ता जो प्लग आहे तो बरोबर आहे असं धरून चालू नका. गेल्या चाळीस वर्षांत हेड बदललेलं असू शकतं. हेड मोजायला सायकलच्या स्पोकसारखी बारीक तार घ्या, टोकाला २ मिमीचा काटकोनी आकडा वळवा. इंजिन थंड असताना, पिस्टन खाली नेऊन, आकडा प्लगच्या भोकातून आत सोडा आणि आट्यांच्या आतल्या कडेला अडकवून वर ओढा. वॉशर बसतो त्या पातळीला तारेवर नखाने खूण करा, बाहेर काढून पट्टीवर मोजा. १२-१३ आलं तर अर्धा इंच, १८-१९ आलं तर पाऊण. दोन मिनिटांचं काम आहे. हेडचे आटे पूर्वी गेले असतील आणि तारेच्या गुंडाळीसारखा इन्सर्ट बसवला असेल तर तोही याच वेळी दिसतो. तो सैल असेल तर प्लगबरोबर बाहेर येतो, तेव्हा तिथे जोर करायचा नाही.

जाता जाता पान्याबद्दल. जुन्या १४ मिमी प्लगचा षटकोन २०.८ मिमीचा असतो, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांचा १६ चा. नव्या गाडीचा प्लग पाना टूलबॉक्समध्ये घेऊन जुन्या गाडीवर निघालेले लोक वाटेत हमखास भेटतात.

## डब्यावरचे आकडे एकमेकांच्या उलटे का

खरी गंमत इथे आहे. "एक नंबर वरचा द्या" असं दुकानात म्हणण्याला काही अर्थच नाही, कारण वरचा म्हणजे थंड की गरम हे कंपनीवर अवलंबून आहे.

एनजीकेमध्ये आकडा मोठा तसा प्लग थंड. बी८एचएस हा कोड घ्या. यामाहा आरडी ३५०, आपल्याकडची राजदूत ३५०, तिच्या मूळ जपानी पुस्तकात हाच आहे. बी म्हणजे १४ मिमी आटे आणि २०.८ चा षटकोन. ८ म्हणजे गरम-थंडाची पायरी. एच म्हणजे १२.७ मिमी लांबी. तिथे ई असता तर १९ मिमी. एस म्हणजे मधल्या टोकात तांब्याचा गाभा असलेला साधा प्रकार. बीच्या पुढे पी आला तर नाक बॉडीच्या बाहेर आलेलं असतं. आर आला तर आत रेझिस्टर असतो, त्याबद्दल पुढे.

बॉशमध्ये उलट, आकडा मोठा तसा प्लग गरम. डब्ल्यू७एसी मध्ये डब्ल्यू म्हणजे १४ मिमी, ७ ही पायरी, ए म्हणजे १२.७ मिमी लांबी, शेवटचा सी म्हणजे तांब्याचा गाभा. एच्या जागी सी असेल तर १९ मिमी. बी आणि डी ही त्याच दोन लांब्यांची पुढे आलेल्या नाकाची रूपं. चॅम्पियनमध्येही मोठा आकडा म्हणजे गरम. तिथे एल म्हणजे अर्धा इंच, एन म्हणजे पाऊण इंच, जे म्हणजे ९.५ मिमी, आणि डी म्हणजे १८ मिमीचा जाड प्लग. वाय असेल तर नाक पुढे आलेलं.

एवढ्यावर भागत नाही. बॉशची जुनी पद्धत स्वतःच्याच नव्या पद्धतीच्या उलटी होती. १९५१ मध्ये सुरू झालेली बंगळूरची मायको (२००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे) ही जुनीच पद्धत वापरायची, त्यामुळे जुन्या भारतीय पुस्तकांत आणि चोरबाजारात सापडणाऱ्या पिवळट डब्यांवर डब्ल्यू १७५ टी१, डब्ल्यू २२५ टी१ असे कोड दिसतात. इथे आकडा मोठा तसा प्लग थंड. टी१ म्हणजे अर्धा इंच, टी२ म्हणजे पाऊण. मध्य युरोपातल्या गाड्यांच्या पुस्तकांत १४/२२५ अशा धाटणीचा आकडा येतो, तोही याच कुळातला: आधी आट्यांचा व्यास, मग पायरी. आजच्या भाषेत १४५ म्हणजे ८, १७५ म्हणजे ७, २२५ म्हणजे ५.

आता बघा काय होतं. पुस्तकात २२५ आहे. दुकानदार म्हणतो बॉशचा ७ आहे. गिऱ्हाईकाला वाटतं, मोठा आकडा थंड, पाचाच्या जागी सात म्हणजे जरा थंडच, चालेल. प्रत्यक्षात त्याने दोन पायऱ्या गरम प्लग घरी नेला. घाटात दोन माणसं आणि सामान घेऊन चढताना त्याचा हिशोब होतो.

रोज लागणारी साधारण जुळणी अशी: एनजीके बी६एचएस, चॅम्पियन एल८६सी, बॉश डब्ल्यू७एसी ही एक रांग. बी७एचएस, एल८२सी, डब्ल्यू५एसी ही तिच्याहून थंड रांग. बी८एचएस, एल७८सी, डब्ल्यू४एसी त्याहून थंड. पाऊण इंची प्लगमध्ये बी८ईएस आणि चॅम्पियन एन३सी एकमेकांच्या जागी चालतात, पुढे आलेल्या नाकात बीपी६ईएस आणि एन९वायसी. मात्र कंपन्यांच्या पायऱ्या तंतोतंत जुळत नाहीत, अर्ध्या पायरीचा फरक राहतो. म्हणून तक्त्यावरून कंपनी बदलली की पहिल्या शंभर किलोमीटरनंतर प्लग काढून बघायचा.

## पुस्तकातला प्लग सोडावा कधी

सुरुवात नेहमी गाडीच्या मूळ पुस्तकातल्या प्लगपासून करायची. तो ठरवणाऱ्याने इंजिन पूर्ण भारावर चालवून बघितलेलं असतं. तो सोडायचा तर एकाच पायरीने, आणि कारण सांगता आलं पाहिजे.

टू-स्ट्रोक गाडी फक्त पेठेतल्या गर्दीत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये फिरते आणि कार्ब्युरेटर, ऑइलचं प्रमाण, एअर फिल्टर सगळं ठीक असूनही प्लग दर आठवड्याला काळा होतो, तर एक पायरी गरम घ्यायला हरकत नाही. पण तीच गाडी रविवारी महाबळेश्वरला न्यायची असेल तर पुस्तकातला प्लग परत लावून निघायचं. बोअर करून मोठा पिस्टन टाकला, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, तर एक पायरी थंड.

नाक पुढे आलेला प्लग, म्हणजे बीपी किंवा वाय, हळू चालणाऱ्या फोर-स्ट्रोकला मानवतो. नाक मिश्रणात पुढे आल्याने कमी वेगातही स्वच्छ राहतं. मूळ प्लग तसा नसेल तर आत जागा आहे का ते मोजा. पत्तीवर मुलांच्या खेळातल्या मातीची गोळी चिकटवा, प्लग हाताने लावा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि गोळी किती चेपली ते बघा. दीड-दोन मिलिमीटर मोकळीक उरली नाही तर नाद सोडा.

शंका असेल तेव्हा थंडाकडे झुका. थंड प्लग फार तर वाटेत थांबवतो, खिशात दुसरा असला की निघता येतं.

## गॅप: डब्यातून आला तसा लावू नका

आजचा प्लग आजच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनसाठी बनतो, त्यामुळे बऱ्याचदा ०.७ ते ०.९ मिमी गॅपने येतो. सहा व्होल्टची कॉईल किंवा चाळीस वर्षांचं मॅग्नेट असलेला मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज बनवणारं यंत्र) एवढी उडी रोज मारू शकत नाही. सकाळी सुरू होते, गरम झाल्यावर बंद पडते, थंड झाली की पुन्हा सुरू, या दुखण्यात मोठा गॅप आणि दमलेला कंडेन्सर हे दोघं नेहमी जोडीने सापडतात.

पुस्तकात आकडा असेल तर तोच धरा. नसेल तर मॅग्नेटोला ०.४ ते ०.५ मिमी, पॉइंट-कॉईलला ०.५ ते ०.६, आणि नंतर पॉइंटऐवजी सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बसवला असेल तर ०.७ च्या आसपास. ब्रिटिश पुस्तकांत हे थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात असतं: २० थाऊ म्हणजे ०.५ मिमी, २५ म्हणजे ०.६३.

फक्त बाजूची पत्ती वाकवायची. गॅप कमी करायला पत्ती लाकडाच्या ठोकळ्यावर हलकेच ठोका. वाढवायला पकडीने पत्तीच धरून उचला. स्क्रू ड्रायव्हर मधल्या टोकावर टेकवून पत्ती उचकटू नका, आतली चिनी माती तडकते. अशी तडक बाहेरून दिसत नाही, आणि गाडी मात्र फक्त चढावर मिसिंग करते. जुन्या प्लगच्या पत्तीला आतून खळगा पडलेला असतो, सपाट फिलर गेज त्या खळग्यावरून पूल टाकून खोटं माप सांगतो. त्यासाठी गोल तारेचं गेज घ्या.

तो खळगा नेहमीपेक्षा जास्तच खोल असेल आणि मधलं टोक मात्र शाबूत असेल तर कॉईलच्या वायरी उलट्या जोडल्यात का बघा. मधलं टोक ऋण असलं पाहिजे; ते तापलेलं असतं आणि तापलेल्या धातूमधून ठिणगी सोप्यात निघते. पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या, ब्रिटिश गाड्या कुणीतरी मध्येच निगेटिव्ह अर्थ करून ठेवतो आणि कॉईल तशीच राहते.

## कोडमधला आर आणि प्लग कॅप

आर म्हणजे आत बसवलेला साधारण ५ किलो ओहमचा रेझिस्टर. ठिणगीमुळे होणारी रेडिओची खरखर तो दाबतो, इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये तर तो लागतोच. पॉइंटच्या गाडीत तो नसला तरी चालतं. असला तरी गाडी बंद पडत नाही. पण प्लगमध्ये ५, कॅपमध्ये ५ आणि वर कार्बनची वायर असं साचत गेलं की कमकुवत कॉईलला जड जातं. जुन्या गाडीला आत तांब्याची तार असलेली वायर ठेवा आणि रेझिस्टर असेल तर एकाच ठिकाणी: प्लगमध्ये किंवा कॅपमध्ये.

मल्टिमीटरने वरच्या टोकापासून मधल्या टोकापर्यंत मोजा. साध्या प्लगला जवळजवळ शून्य यायला हवं, आरवाल्याला ३ ते ७.५ किलो ओहम. ही चाचणी बनावट प्लग पकडायलाही चांगली. डब्यावर आर छापलाय आणि मीटर शून्य दाखवतोय, तर तो प्लग दुकानदाराला परत करा. बनावटात आणखी दिसणाऱ्या खुणा: वॉशर आट्यांवरून सहज गळून पडतो, मधलं टोक मध्यावर नसतं, पत्ती तिरकी जोडलेली असते, छपाई नखाने निघते. पुण्यात नाना पेठेतल्या गर्दीत एवढं बघायला तीस सेकंद लागतात.

प्लगच्या डोक्यावरचं छोटं नटासारखं टोपण मोटरसायकलच्या बहुतेक कॅपना नको असतं. ते काढून कॅप थेट बारीक आट्यांवर दाबायची. काढायचं नसेल तर पकडीने घट्ट करा. सैल राहिलं तर दुसरा गॅप तिथेच तयार होतो.

## आता तो पांढरा प्लग

बिस्किटी रंगाची आठवण ज्या काळातली आहे त्या काळात पेट्रोलमध्ये शिसं होतं. देशभरात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. तो तपकिरी थर बऱ्याच अंशी शिशाचा होता. आजचं पेट्रोल मुळातच फिकट रंग सोडतं, इथेनॉल तर काजळी आणखी कमी करतं. म्हणजे नुसत्या पांढऱ्या रंगावर निकाल देता येत नाही.

पण ई२० ने मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, हेही खोटं नाही. साधं पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साडेतेरा पुरते. नवीन गाडीचा संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरचा जेट म्हणजे पितळेतलं एक भोक, त्याला काही कळत नाही. तो पूर्वीएवढंच पेट्रोल सोडतो. गाडी साधारण आठ टक्के पातळ चालते. याचं औषध कार्ब्युरेटरमध्ये आहे. मेन जेट एक नंबर मोठा, निडलची, म्हणजे जेटमध्ये खाली-वर होणाऱ्या सुईची, क्लिप एक खाच खाली, म्हणजे निडल वर येते आणि पेट्रोल वाढतं. थंड प्लग घातला तर प्लग थंड राहील, पिस्टन तेवढाच तापेल. ताप आलेल्या माणसाच्या तोंडातला थर्मामीटर बर्फात बुडवून बघण्यासारखं आहे ते.

रंग बघायचा तर नीट बघा. घरी येईपर्यंत चौकातल्या सिग्नलवर आयडलिंग करून काढलेला प्लग सिग्नलचीच हकिगत सांगतो. जवळपास नवीन प्लग लावा, मोकळ्या सुरक्षित रस्त्यावर किंवा चढावर दोन-तीन किलोमीटर भारावर चालवा, मग क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद करा आणि बाजूला थांबून प्लग काढा. चिनी मातीच्या नाकाच्या मुळाशी, भिंगाने, पुसट राखाडी कडं दिसलं तर मिश्रण बरं आहे, पुढचं टोक पांढरं असलं तरी. प्लगची पायरी कळते ती बाजूच्या पत्तीवर. उष्णतेने पत्तीचा रंग जिथे बदलतो ती रेघ वळणाच्या मध्यावर हवी. टोकाकडे असेल तर प्लग जास्तच थंड आहे, मुळाकडे सरकली असेल तर गरम.

नाकावर फोड, चकाकी, वितळल्यासारखी कड दिसली तर मात्र तो पांढरा वेगळा. आधी कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधून, टू-स्ट्रोक असेल तर क्रँकच्या सीलमधूनही हवा खेचतेय का बघा, मग टायमिंग. आणि नाकावर मिरीच्या पुडीसारखे चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. तिथून गाडी टेम्पोत घालून घरी आणा.

काळ्याचे प्रकार दोन. कोरडी मखमली काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, चोक अडकलेला किंवा फिल्टर तुंबलेला. ओला, तेलकट काळा म्हणजे फोर-स्ट्रोकमध्ये रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. जावा-येझदीत ओला प्लग, पांढरा धूर आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत जाणं हे तिन्ही एकत्र आलं तर प्रायमरी बाजूचं, म्हणजे क्लचच्या साखळीकडचं, क्रँक सील गेलंय. तिथे प्लग बदलत बसणारा माणूस वर्षभर बदलतच बसतो.

## इरिडियम घातलं तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला निघते हे खरं आहे, आणि अशक्त कॉईलला त्याने थोडा हातभार लागतो. पण तेलकट इंजिनात इरिडियमही भिजतं, फक्त भिजायला महाग पडतं. त्याचा गॅप बदलताना टोक तुटण्याची भीती, घासून साफ करता येत नाही. आधी गाडी साध्या निकेलच्या प्लगवर नीट चालवा. मग हौस असेल तर घाला, पायरी आणि लांबी तीच ठेवून. तीन-चार पत्त्यांचे प्लग मिळतात त्यांचंही तसंच: ठिणगी एका वेळी एकाच पत्तीवर पडते.

## मेकॅनिक तर पॉलिश पेपर मारून देतो

रस्त्यात अडकलात तर मारा. घरी नको. पॉलिश पेपरचे कण नाकाभोवतीच्या पोकळीत अडकतात आणि नंतर सिलिंडरमध्ये पडतात. तारेचा ब्रश चिनी मातीवर धातूच्या रेघा ओढतो, मग करंट त्या रेघांवरून पळतो. पेट्रोल भरपूर आत गेल्याने प्लग नुसता ओला असेल तर कॉक बंद करा, प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून आठ-दहा किक मारा, प्लग वाळवा, लावा. साधा प्लग ३००० ते ५००० किलोमीटरला बदलावा, इंजिनच्या किमतीपुढे तो फुकटच आहे.

## "कास्ट आयर्न इंजिन आहे, आवळा कचकून"

कास्ट आयर्न आहे तो बुलेटचा किंवा जावाचा ब्लॉक. हेड अॅल्युमिनियमचं आहे, आणि प्लग हेडमध्ये बसतो.

इंजिन थंड हवं. प्लग सैल करण्याआधी भोवतीची माती पंपाच्या हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. नवीन प्लग नुसत्या बोटांनी लावा. जागा अडचणीची असेल तर वरच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवून फिरवा, आटे तिरके पकडले तर नळी घसरते आणि हेड वाचतं. प्लग बोटांनी तळाशी टेकला की मग पाना: नवीन वॉशरला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, एकदा चेपलेल्याला फेऱ्याचा बारावा ते आठवा भाग. टॉर्क पाना असेल तर १४ मिमीला २५ ते ३० न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस फासू नका. निसरड्या आट्यांवर तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो.

जादा प्लग बरोबर ठेवायचा तो घरीच गॅप लावून, टोकावर आगपेटीच्या पुठ्ठ्याची सुरळी घालून, जुन्या फिल्म रोलच्या डबीत. डबीवर गाडीचं नाव आणि गॅप लिहून ठेवा. घरात येझदी आणि आरडी दोन्ही असतील तर दोघींच्या प्लगचे आटे सारखे, आणि अंधारात कोणता कुणाचा ते ओळखू येत नाही.